बालवाडी आपल्या वाडीतच पाहिजे

(वनहक्काच्या दाव्यांसाठी बोलावलेल्या बैठकीत आपल्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं भाषण. ज्या वाड्यांतून बाया येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी बोलल्यासारखंच छापत आहोत. वाडीत एकत्र बसून मोठ्यानं वाचावं.)



सकाळपासून आपण दाव्यांवर बोलतोय. कुणाचा नकाशा राहिला, कुणाच्या दाव्याला म्हाताऱ्या माणसाचा जबाब जोडायचा राहिला, कुणाला नामंजुरीचं पत्र आलं. ते सगळं महत्त्वाचं आहे. माझ्याकडं मात्र विषय दिलाय लहान पोरांचा. सहा वर्षांच्या आतल्या पोरांचा. काही जणांना वाटंल की पट्ट्याच्या बैठकीत बालवाडी कशाला काढली. तर त्याचंच उत्तर मी देणार आहे. शेवटी वनहक्काच्या कायद्यावरच येणार आहे, तेवढं ऐकून घ्या.

आधी आपल्या घरातलं बघू. आवणीच्या दिवसांत आपण पहाटे चुलीवर भाकरी टाकतो आणि उजाडायच्या आत खाचरात उतरतो. बापई औतावर, बाया रोपं उपटायला आणि लावायला. घरात दोन वर्षांचं पोर आहे, चार वर्षांचं पोर आहे. त्यांना कोण सांभाळतं? आजी धडधाकट असंल तर आजी. पण आजीही बहुतेक वेळा शेतातच असते. मग सांभाळते ती आठ-नऊ वर्षांची मोठी मुलगी. हिरड्याच्या दिवसांत तेच, भातकापणीत तेच, आणि कामाला नारायणगाव, मंचर, ओतूरकडं खाली गेलो की तिथंही तेच. कडेवर धाकटं, बोटाला मधलं, आणि शाळेच्या पटावर नुसतं नाव.

२००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, असं त्यात लिहिलंय. चांगलं आहे. पण त्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेत बसायचं असंल तर तिच्या कडेवरचं पोर कोण घेणार? ते कायद्यात नीट नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकारनं सोय करावी असं एक कलम आहे, पण ते 'करता येईल' अशा भाषेत आहे, 'केलीच पाहिजे' अशा भाषेत नाही. आणि तीन वर्षांच्या आतल्यांचं त्यात नावच नाही.

म्हणजे वाडीत बालवाडी नसली, पाळणाघर नसलं, तर नुकसान एका पोराचं होत नाही, दोघांचं होतं. मोठीची शाळा जाते. आणि धाकट्याचं काय जातं, ते आता सांगते.

आपल्याकडं बोलायची पद्धत आहे, "लहान आहे, त्याला काय कळतंय." ही गोष्ट खरी नाही. डॉक्टर लोक सांगतात की जन्मल्यावर मेंदूची सगळ्यात जास्त वाढ पहिल्या काही वर्षांत होते. सहा वर्षांचं पोर उंचीनं आपल्या कमरेला लागत असलं तरी त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ नव्वद टक्के आकाराचा झालेला असतो. म्हणजे पहिलीत नाव घालायला आपण शाळेत नेतो तेव्हा बराचसा पाया भरून झालेला असतो. आपण शेतकरी आहोत. रोप गादीवाफ्यात असताना त्याला पाणी, राख, शेणखत मिळालं नाही तर आवणीनंतर कितीही खत टाकलं तरी ते भात तसंच राहतं. पोराचंही तसंच असतं.

आणि पाया म्हणजे अआइई नाही. ते पुढं येतं. पोर काय शिकतं बघा. ते बोट दाखवून विचारतं, "हे काय?" आपण सांगतो, "हा खेकडा." ते परत विचारतं, आपण परत सांगतो, "नदीतला खेकडा, नांगी बघ त्याची." ह्या एका बोलण्यात त्याला तीन-चार शब्द मिळाले, आणि विचारलं की उत्तर मिळतं हे कळलं. ज्याला दिवसभर कुणी उत्तर देत नाही ते पोर हळूहळू विचारायचं बंद होतं. आपण म्हणतो, "गुणी आहे, गप बसतं." ते गुणी नाही, ते थकलंय. मग ते पहिलीत जातं, गुरुजी प्रश्न विचारतात आणि ते खाली बघतं. गुरुजी म्हणतात, पोर मंद आहे. पोर मंद नसतं. त्याच्याशी कुणी बोललेलं नसतं.

माझ्याच वाडीतलं सांगते. दोन मुलं एकाच वर्षी पहिलीत गेली. एकाची आई त्याला रोज खालच्या वाडीतल्या अंगणवाडीत नेऊन सोडायची, तिला वाटेतच काम होतं म्हणून जमलं. दुसऱ्याच्या आईला जमलं नाही, मधे ओढा आहे आणि पावसात त्याला पाणी असतं. दोघंही हुशारच. पण पहिलं पोर शाळेत पहिल्या दिवशी जाऊन बसलं. घंटा म्हणजे काय, रांग म्हणजे काय, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. दुसरं पोर महिनाभर रडलं, मग यायचंच बंद झालं. पुढं आईबाप खाली कामाला गेले आणि तेही त्यांच्याबरोबर गेलं. मधे होता फक्त एक ओढा.

आता खाण्याचं बोलू. अंगणवाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं खिचडी येते. खिचडी पाहिजेच. आपल्या भागात वजन कमी भरणारी पोरं आहेत हे आपल्याला माहीत आहे. पण नुसती खिचडी पुरत नाही. हे मी मनानं सांगत नाही. जमैका म्हणून देश आहे, वेस्ट इंडीजच्या क्रिकेटमुळं पोरांनी नाव ऐकलंय. तिथं किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १२९ खुरटलेली मुलं घेतली, नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची. त्यांचे चार गट केले. एका गटाला दूध-पावडरीचा जादा आहार दिला. दुसऱ्या गटाच्या घरी दर आठवड्याला एक बाई जायची, डॉक्टर नव्हे, आपल्या आशासारखी बाई. ती घरच्याच वस्तूंची खेळणी घेऊन आईबरोबर आणि पोराबरोबर खेळायची आणि आईला सांगायची की पोराशी कसं बोलायचं. तिसऱ्या गटाला दोन्ही दिलं. चौथ्याला काहीच नाही. दोन वर्षं असं चाललं.

दोन वर्षांनी काय दिसलं? ज्यांना खाणं मिळालं तीही सुधारली, ज्यांच्याशी खेळलं-बोललं तीही सुधारली, आणि ज्यांना दोन्ही मिळालं ती सगळ्यांत पुढं गेली. मग तीच मुलं सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर परत तपासली. तेव्हा आहाराचा फरक बुद्धीच्या चाचणीत राहिला नव्हता. खेळण्या-बोलण्याचा फरक मात्र टिकून होता. ती वाचण्यात पुढं होती, शाळा कमी जणांनी सोडली होती. यावरून खाणं कमी महत्त्वाचं असं कुणी समजू नये. उपाशी पोर खेळत नाही. पण अंगणवाडीत खिचडी शिजली, वाटली आणि कुलूप लावलं, तर अर्धंच काम झालं. आणि आपण आईबाप डबा घेऊन जातो, खिचडी भरतो, पोराला परत घेऊन येतो, तेव्हा अर्धं काम आपणच बुडवतो.

आता कुणी म्हणंल, खेळ तर पोरं घरीही खेळतात, त्याला बालवाडी कशाला? बरोबर आहे, खेळतात. आपली पोरं जंगलात वाढतात, झाडं ओळखतात, खेकडे पकडतात, शहरातल्या पोरांपेक्षा त्यांचे हातपाय चपळ असतात. हे शिक्षणच आहे, ते हलकं समजू नका. बालवाडी काय करते, तर ह्याच खेळाला एक दिशा देते, आणि त्याच्यासाठी रोज दोन-तीन तास एक मोठं माणूस पूर्ण लक्ष देऊन बसतं.

उदाहरण देते. चिंचोके घ्या, हिरडे घ्या, सागरगोटे घ्या. तीन वर्षांच्या पोरापुढं ढीग करा आणि म्हणा, सारखे सारखे वेगळे काढ. ते निवडतं. म्हणजे सारखं कोणतं, वेगळं कोणतं, हे त्याला कळायला लागलं. गणिताची सुरुवात इथं होते. चार वर्षांच्या पोराला म्हणा, लहानापासून मोठ्यापर्यंत दगड लाव. पाच वर्षांच्याला म्हणा, पाच जणांना दोन-दोन चिंचोके वाट, किती लागतील? ओल्या मातीचा बैल करायला लावा, बोटांना जोर येतो, आणि तीच बोटं पुढं पेन्सिल धरतात. राखेत बोटानं रेघा ओढू द्या, ठिपके जोडू द्या. गोष्ट सांगा आणि मधेच थांबून विचारा, पुढं काय झालं असंल? पोर विचार करून सांगतं. गाणं म्हणा, टाळ्या वाजवा, सगळ्यांनी एकदम थांबायचं. थांबायला शिकणं ही लहान गोष्ट नाही.

तीन वर्षांच्या आतल्यांना शिकवायचं असं काही नसतं. त्यांना पाहिजे उचलून घेणारं, ओळखीचं, रोज तेच माणूस. रडलं तर जवळ घेणारं, हसलं तर हसणारं, शी-शू झाली तर न रागावता धुणारं. आणि बोलणारं. अंग पुसताना बोला, भाकरी भरवताना बोला. पाळणाघर म्हणजे पोरं कोंडून ठेवायची खोली नाही. तिथंही पोर शिकतच असतं.

एक सांगते, त्याचा राग मानू नका. काही आईबाप अंगणवाडीच्या ताईला म्हणतात, "नुसती गाणी काय म्हणून घेता, पाटीवर लिहून घ्या की." मंचरला, जुन्नरला पैशेवाल्यांची पोरं केजीत जातात, टाय लावतात, तीन वर्षांची असताना एबीसीडी घोकतात. ते बघून आपल्याला वाटतं, आपलं मागं पडतंय. तीन वर्षांच्या पोराची बोटं अजून लिहायला तयार झालेली नसतात. त्याला मारून-मुटकून लिहायला बसवलं तर त्याला पाटीचीच भीती बसते. ज्याला शब्द भरपूर येतात, ज्याला मोजण्याचा खेळ येतो, ज्याला प्रश्न विचारायची भीती नाही, ते पोर अक्षर पुढं पटकन उचलतं.

आणि भाषा. ठाकरवाडीतलं पोर ठाकरीत बोलतं, कातकरी पोर घरात कातकरीत बोलतं, आपलं कोळ्याचं पोरही पुस्तकातल्यासारखं बोलत नाही. बालवाडीत पाय ठेवताच कुणी त्याला म्हटलं, "असं नाही बोलायचं, नीट बोल," तर ते तोंड मिटून घेतं. पहिली गोष्ट त्याच्या बोलीत, पहिलं गाणं त्याच्या बोलीत, आणि त्याच्या शेजारी हळूहळू शाळेची मराठी. म्हणून त्या वाडीची बोली येणारी बाईच तिथं पाहिजे. सेविका स्थानिक रहिवासी असावी असा नियमच आहे. तो नियम वाडीपर्यंत लावून घ्यायचं काम आपलं.

हे सगळं मी नवीन सांगत नाही. आपल्यासारख्याच आदिवासी भागात हे करून दाखवलेलं आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, वारल्यांच्या मुलखात. १९४५ साली तिथल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभा केला, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यात होते, हे आपल्या शिबिरात आपण ऐकलंय. त्याच साली त्याच तालुक्यात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावला जन्मलेल्या. लहानपणी लग्न झालं आणि लहानपणीच विधवा झाल्या. तिथून शिकून शिक्षिका झाल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी आदिवासी पोरांना दिलं. १९९२ साली त्या गेल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण पाड्यावरची वारल्यांची पोरं काही तिथं येईनात. आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ह्या दोघी तसं म्हणाल्या नाहीत. पोर बालवाडीत येत नाही तर बालवाडी पोराकडं न्यायची, असं त्यांनी ठरवलं. पाड्यावर जायचं, कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली पोरं जमवायची. आधी त्यांना धुवायचं, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. हा शब्द तिथला आहे. माँटेसरी बाईंच्या पद्धतीची महागडी साधनं घ्यायला पैसे नव्हते आणि पाड्यावर ती शोभलीही नसती. म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं, फुलं, माती हीच साधनं केली.

१९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथं त्यांनी विकासवाडी केली. विकासवाडी म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मगाशी मी विचारलं ना, कडेवरचं पोर कोण घेणार? त्याचं उत्तर हे. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात, सगळी एका हाकेच्या अंतरावर. आणि जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणातच शाळा, तिला कुरणशाळा म्हणायचे. पोरांना दोष द्यायच्या आधी ती दिवसभर कुठं असतात आणि का असतात, हे त्यांनी बघितलं.

पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली, देशभरात ३३ ठिकाणी. तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव पडलं. आपल्या दारातली अंगणवाडी ती हीच. तिच्यात सहा सेवा आहेत, त्या तोंडपाठ करा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पुढं पाठवणं, आयांना पोषण-आरोग्याचं शिक्षण, आणि शाळेआधीचं शिक्षण. शाळेआधीचं शिक्षण ही मेहरबानी नाही, योजनेत लिहिलेली सेवा आहे. ताई बिचारी रजिस्टरं भरते, वजनं घेते, पल्स पोलिओला फिरते, निवडणुकीचं काम करते, आणि तिला पगार नाही, मानधन मिळतं. म्हणून तिच्यावर ओरडू नका. तिच्या बाजूनं उभं राहा, म्हणजे तिला पोरांपाशी बसायला वेळ मिळंल.

आता हक्क. हे नीट ऐका, लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या.

पहिला. सर्वोच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २००६ ला आदेश दिलाय. ज्या वस्तीत सहा वर्षांच्या आतली ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीनं मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायला पाहिजे. आणि अन्नाचा आदेश त्याआधीचा आहे, २८ नोव्हेंबर २००१ चा. वर्षातले ३०० दिवस आहार मिळाला पाहिजे.

दुसरा. तुम्ही म्हणाल, आमच्या वाडीत ४० पोरं कुठली, सगळी मिळून पंचवीस घरं. त्यासाठी मिनी अंगणवाडी आहे. आदिवासी आणि डोंगरी भागात १५० ते ३०० लोकवस्तीला मिनी अंगणवाडी देता येते. मोजताना गाव धरू नका, वाडी धरा. आपल्याकडं एका महसुली गावाच्या पाच वाड्या असतात, मधे ओढा असतो, दरी असते. कागदावर गावाला अंगणवाडी आहे, पण चार वाड्यांतलं तीन वर्षांचं पोर तिथं चालत जाऊ शकत नाही. तसा ठराव लिहा: अंतर किती, मधे ओढा आहे का, पावसाळ्यात किती महिने वाट बंद असते.

तिसरा, जागेचा. बऱ्याच वाड्यांत अंगणवाडी कुठं देवळात भरते, कुठं कुणाच्या पडवीत. इमारत मागितली की उत्तर येतं, गावठाण संपलंय, पुढं फॉरेस्ट आहे. इथं आपला वनहक्क कायदा येतो. २००६ च्या ह्या कायद्याचं कलम ३, त्याचं पोटकलम २ वाचा. गावाच्या १३ प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन देता येते, आणि त्या यादीत शाळेबरोबर अंगणवाडीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. अटी अशा: जागा एक हेक्टरपेक्षा कमी पाहिजे, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारस कुणाची, तर आपली. अभयारण्यातली जमीनसुद्धा ह्या कायद्यात वनजमीन म्हणूनच धरलेली आहे, म्हणून भीमाशंकर अभयारण्यातल्या गावांनी गप बसू नये. पुढच्या ग्रामसभेत आपण वैयक्तिक दाव्यांचा आणि सामूहिक दाव्यांचा ठराव करणारच आहोत. त्याच ग्रामसभेत अंगणवाडीच्या दोन गुंठ्यांचा ठराव करा. म्हणून हा विषय पट्ट्याच्या बैठकीत आणला.

चौथा, कामावरचा. रोजगार हमीच्या २००५ च्या मूळ कायद्याला अनुसूची दोन होती. त्यात लिहिलं होतं की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त मुलं असली, तर त्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला बाकीच्यांसारखीच मजुरी द्यायची. मुलांना सावली, प्यायला पाणी आणि औषधाची पेटीही द्यायची. आपल्यातल्या किती जणींनी बांधबंदिस्तीवर, तळ्यावर काम केलंय? हात वर करा. आणि कामावर अशी नेमलेली बाई कितींनी बघितलीय? बघा, किती हात खाली आले. काम मागायचा अर्ज करतानाच खाली एक ओळ लिहा, आमच्याबरोबर इतकी मुलं आहेत. एवढ्यानं सुरुवात होते.

कामाच्या जागी पाळणाघर ही नवलाची गोष्ट नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन नावाच्या बाईंनी बांधकामावरच्या मजूर बायांची पोरं विटा-सिमेंटात लोळताना बघितली आणि तिथंच तंबूत पाळणाघर चालू केलं. त्यातून मोबाइल क्रेश ही संस्था झाली, पुढं मुंबईत आणि आपल्या पुण्यातही तिचं काम झालं. ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवरच्या आदिवासी पोरांसाठी विधायक संसदेनं भट्टीजवळच भोंगा शाळा काढल्या. भट्टीवरच्या झोपडीला तिथं भोंगा म्हणतात, त्यावरून नाव. आपले लोक द्राक्षाला, टोमॅटोला, कांद्याला खाली जातात तिथं अशी सोय मागता येते. त्यासाठी आधी आपल्याकडं यादी पाहिजे: कोणत्या वाडीतली किती पोरं, कोणत्या महिन्यात, कुठं जातात.

आता शेवटचं. सरकारकडून मिळेपर्यंत आपण काय करायचं? आपल्याकडं पडकई आहे. डोंगराच्या उतारावर खाचर पाडायचं काम एका घराला जमत नाही. म्हणून पाच-दहा घरं एकत्र येतात, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. कुणी मजुरी मागत नाही, पाळी फिरते. आपल्या बापजाद्यांनी ह्या डोंगरावर भात पिकवलं ते असंच. तसंच पोरांचं करू. दहा घरांच्या बायांनी पाळी लावायची. आवणीच्या महिन्यात रोज दोघीजणी शेतात जाणार नाहीत, सगळ्यांची पोरं सांभाळतील, आणि त्यांची लावणी बाकीच्या आठजणी करून देतील. जागा कुणाची तरी मोठी ओसरी. एक म्हातारी आजी गोष्टी सांगायला, कारण तिच्याइतक्या गोष्टी कुणालाच येत नाहीत. टोपलीभर चिंचोके, माती, पाण्याचा हंडा. नाचणीची आंबील किंवा भाकरी ज्याची त्यानं द्यायची. ओढ्याकडच्या बाजूला आडवी काठी बांधा, चूल आणि कोयते लांब ठेवा.

आणि बापयांनो, पाळीत तुमचंही नाव पाहिजे. पोराशी बोलायला आईच लागते असं कुठंही लिहिलेलं नाही. बैल कसा धरायचा, दोर कसा वळायचा, मासळीचं जाळं कसं विणायचं, हे पोरांना तुमच्याकडून ऐकायचं असतं.

पाळीनं चालवलेली बालवाडी हा सरकारी अंगणवाडीला पर्याय नाही, हे ध्यानात ठेवा. नाहीतर साहेब म्हणतील, तुमचं तुम्ही चालवताय ना, मग झालं. आपण चालवायचं ते मागणी जोरात करण्यासाठी. रोजची हजेरी एका वहीत लिहायची. तीच वही ठरावाला जोडायची: बघा, आमच्या वाडीत इतकी पोरं रोज येतात, आता सेविका द्या, आहार द्या, जागा द्या.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीनं चार गोष्टी करून यायच्या.

१) सहा वर्षांच्या आतल्या सगळ्या पोरांची यादी, वयासकट. शेजारी लिहायचं, अंगणवाडीत जातं की नाही, नसंल तर का नाही. लहान भावंडं सांभाळायला घरी राहणाऱ्या मुलींची यादी वेगळी.

२) अंगणवाडी नसंल तर मागणीचा ठराव, वाडीचं अंतर आणि ओढ्याची माहिती घालून. जागा नसंल तर कलम ३ पोटकलम २ चा ठराव. दोन्हींच्या पोचपावत्या सांभाळून ठेवायच्या.

३) रोजगार हमीच्या प्रत्येक अर्जावर मुलांची संख्या.

४) आवणीच्या आधी पोरांची पाळी लावून ती चालू करायची. दहा घरं जमली नाहीत तर पाच घरांनी.

यादी करताना काही अडलं तर निरोप पाठवा, मी आणि माझ्याबरोबरच्या दोघीजणी वाडीवर येऊ. आम्ही तिघी बारावीपर्यंत शिकलोय, ठराव लिहून देऊ. सह्या आणि अंगठे मात्र तुमचे पाहिजेत, आणि ग्रामसभेत उठून बोलायचं तुम्हालाच आहे.

ह्या डोंगरावरची जमीन आपण पोरांसाठी मागतोय, असं आपण प्रत्येक मोर्च्यात म्हणतो. तर ती कसणारं, सातबारा वाचणारं, साहेबाला प्रश्न विचारणारं पोर घडायला आजपासूनच सुरुवात करावी लागंल. ते आत्ता दोन वर्षांचं आहे.

जोहार. आपला लढा जिंदाबाद!